ऑर्डर तुमच्याच विनंतीवरून रद्द झालीय, आता गप बसा

सेलमध्ये एखादी वस्तू स्वस्तात घावली, तुम्ही पैसे भरले, कंपनीनं अभिनंदनाचा मेसेज पाठवला आणि मग 'किंमत चुकून पडली होती' म्हणत ऑर्डर उडवून टाकली, तर सभ्य ग्राहकानं कसं वागावं हे आपल्याकडं कुणी शिकवतच नाही. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ग्राहकाचे हक्क असतात, पण ते मार्कांपुरते. माझा नुकताच याचा चांगला क्लास झालाय, त्यात परभणीचा मे महिना, दुपारी घराबाहेर पडायची सोय नाही आणि घरात बसायचीही नाही (का ते पुढं येईलच), म्हणून म्हणलं जरा समाजप्रबोधन करावं.

पहिलं म्हणजे उपकार विसरू नका. कंपनीनं मी सेलमध्ये मागवलेला कूलर ४,७९९ रुपयांत दिला नाही हे खरंय, पण ४,७९९ रुपयांत कूलर येऊ शकतो एवढी आशा तरी लावली की नाही? आमच्या स्टेशन रोडचा दुकानदार तोंडावर सांगतो, काका साडेआठच्या खाली जमत नाही, परवडलं तर घ्या नाहीतर पत्र्याचा न्या. आशा म्हणून नाही त्या माणसाकडं.

दुसरं, स्क्रीनशॉट काढू नका. तो अविश्वास झाला.

तिसरं जरा अवघड आहे, नीट वाचा. समोर दिसणारी किंमत खरी का चुकून पडलेली, हे ओळखायचं काम कंपनीचं नाही, तुमचं आहे. आता ओळखायचं कसं? त्या पानावर १५,९९० वर काट मारलेली आणि शेजारी '७० टक्के सूट' असं त्यांनीच लिहिलेलं. खाली २,९९९ चा शर्ट ३४९ ला, ४,९९९ चे इअरफोन ५९९ ला, बाराशेची बेडशीट दोनशे एकोणीसला. हे सगळे भाव बरोबर. फक्त कूलरचा चुकला. म्हणजे शर्टावरची ८८ टक्के सूट ही सूट असते आणि कूलरवरची ७० टक्के सूट ही तांत्रिक चूक असते, एवढं साधं तुम्हाला कळत नसेल तर ऑनलाईन खरेदी करताच कशाला? त्यात परत वर लाल घड्याळ पळतंय, 'फक्त २ शिल्लक', 'आत्ता ४१ जण ही वस्तू बघत आहेत'. अशी खोटी घाई लावायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केलीय, त्यात जे १३ 'डार्क पॅटर्न' (ग्राहकाला ऑनलाईन गंडवायच्या युक्त्या) सांगितलेत त्यातलं ते एक आहे. पण असू द्या. घड्याळ पळत असताना माणसानं थंड डोक्यानं विचार करायचा असतो. थंड, ४४ डिग्रीत.

चौथं. ऑर्डर कुणी रद्द केली हे विचारू नका, कारण ती तुम्हीच केलीय.

मला मेसेज आला, 'आपल्या विनंतीनुसार आपली ऑर्डर रद्द करण्यात आली आहे'. माझ्या विनंतीनुसार! मी आधी बायकोला विचारलं, तू काही दाबलंस का. ती म्हणली, मी काहून दाबू, मीच तर होळीपासून कूलर कूलर करायले. पोराला विचारलं, तर त्याचा सुट्टीचा सगळा प्लॅनच त्या कूलरसमोर आडवं पडायचा होता, तो कशाला मोडतोय. मग ॲप उघडलं, तिथं पण तेच, 'ग्राहकाने रद्द केली'. गेलो चॅटवर. चॅटवर आधी एक यंत्र बसवलेलं असतं, ते चार पर्याय देतं आणि तुमचं गाऱ्हाणं कायम पाचवं असतं. त्याच्या तावडीतून सुटलो तर एक साहेब आले, 'गैरसोयीबद्दल मनापासून दिलगीर आहोत'. म्हणलं दिलगीर सावकाश व्हा, मी विनंती कवा केली ते दाखवा, तारीख, टाइम, काहीतरी. तर म्हणे सर सिस्टीममध्ये तसं दिसतंय. सिस्टीम कुणाची हो? तर म्हणे सेलरनं कॅन्सल केलं असेल. मग सेलरचा नंबर द्या. तो देता येत नाही सर, पॉलिसी आहे. (२०२० च्या ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्याचं नाव, पत्ता, कस्टमर केअरचा नंबर दाखवायलाच पाहिजे असं लिहिलंय, पण पॉलिसीपुढं नियमाचं काय चालतंय.) त्यांच्यानंतरच्या मॅडम म्हणल्या, प्रायसिंग एरर होता. त्यांच्यावरचे सिनियर म्हणले, तुमचा पिनकोड सर्व्हिसेबल नाही. अहो ४३१४०१, जिल्ह्याचं गाव आहे, रेल्वेचं जंक्शन आहे, गेल्याच आठवड्यात तुमचाच पोरगा मोबाईलचं कव्हर देऊन गेला घरी. जगात जर्मनी भारतात परभणी म्हणून आम्ही मिरवतो आणि यांच्या नकाशात गावच नाही!

एका ऑर्डरची चार कारणं, आणि चारींत कंपनी कुठंच नाही. चूक माझी, नाहीतर सेलरची, नाहीतर भावाची, नाहीतर गावाची. आणि त्याच संध्याकाळी तोच कूलर, तोच रंग, तोच सेलर, भाव ९,४९९, खाली हिरव्या अक्षरात 'परवापर्यंत परभणीत पोहोचेल'. पिनकोड एका दिवसात सर्व्हिसेबल झाला की हो! रस्ते विकास महामंडळाला जमलं नसतं एवढ्या लवकर. मला असा राग आला ना... असो. मी उपरोधिक लिहायला बसलोय, शिव्या द्यायला नाही.

तर पाचवं. रिफंडची घाई करू नका. पैसा जाताना यूपीआयनं डोळ्याचं पातं लवायच्या आत जातो, येताना '५ ते ७ कामकाजाचे दिवस' लागतात. त्याला पण उन्हाचं चालवत नसंल.

सहावं, २०० रुपयांचं कूपन आलं तर थँक यू म्हणा. ते २,९९९ च्या वरच्या खरेदीवर, निवडक वस्तूंवर चालतं आणि कूलर त्या निवडक वस्तूंत नसतो.

आता नंबर सोडा, अटी व शर्तींचं बोलू. त्या वाचू नका असं मी म्हणणार होतो, पण रात्री झोपच येत नव्हती म्हणून मी वाचल्या. त्यात बहुतेक ठिकाणी एक सुंदर वाक्य असतं, की तुम्ही ऑर्डर टाकली म्हणजे ती फक्त तुमची मागणी झाली, माल निघाला की मग आम्ही ती मान्य केली असं समजायचं. म्हणजे पैसे घेतले, कन्फर्म म्हणलं, पावती पाठवली, तरी सौदा झालेला नसतो. आमच्या मोंढ्यात एखाद्या व्यापाऱ्यानं हे करून बघावं. सोयाबीनची बोली लागली, काटा झाला, आणि मग म्हणला की भाव चुकून तोंडातून गेला, तर हमालसुद्धा पोतं खाली ठेवून बघत उभे राहतील की आता काय होतंय. आणि शेतकऱ्यानं हिशेबपट्टी हातात पडल्यावर म्हणावं, मला अजून शंभर पाहिजे होते, मी चुकून हो म्हणलो. कुणी दारात तरी उभं करील का? इथं मात्र बोली त्यांची, काटा त्यांचा, पैसे त्यांच्या खिशात, आणि सौदा झालाच नव्हता म्हणे.

१८७२ चा करार कायदा अजून चालू आहे. त्याचं कलम २२ म्हणतं की एकाच बाजूची समजूत चुकली एवढ्यावरून करार मोडता येत नाही, दोघांची मिळून चूक असली तर कलम २० प्रमाणं गोष्ट वेगळी. पण वकील हुशार आहेत, ते म्हणतात करार झालाच नाही तर मोडायचा कुठून. त्यावर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अन्यायकारक करार' म्हणून एक नवीन गोष्ट आली, योग्य कारण नसताना एकट्यानंच करार संपवायची मुभा देणारी अट त्यात बसते. फक्त ही तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात चालत नाही, राज्य ग्राहक आयोगात न्यावी लागते. कूलरसाठी राज्य आयोग. कायदा करणाऱ्यांनी पण गंमतच केलीय. पण सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा, या दोन्ही गोष्टी जिल्ह्यात चालतात, ते मात्र कुणाला सांगू नका.

तसंच, आपण कॅन्सल केलं की चार्ज कापतात आणि त्यांनी केलं की सॉरी म्हणतात, यात काही वावगं वाटून घेऊ नका. ई-कॉमर्स नियमांतला चौथा नियम सांगतो की कंपनी स्वतःहून ऑर्डर रद्द करताना तेवढाच भुर्दंड सोसणार नसेल तर ग्राहकाकडून कॅन्सलेशन चार्ज घेता येत नाही. सांगू द्या. त्याच नियमात तक्रार अधिकारी नेमायचा, त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तक्रार निकाली काढायची असंही आहे. माझी पोच यंत्रानं दिली, चार पर्यायांसकट.

आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला चुकूनही फोन लावू नका. तिथं मराठीत बोलतात, उगं सवय लागंल. त्यांना कंपनीला दंड करता येत नाही, ते तक्रार पुढं सरकवतात एवढंच, पण एवढ्यानंही चॅटवरच्या साहेबांचा आवाज बदलतो, आणि आपल्याला कशाला पाहिजे बदललेला आवाज.

आता एक गोष्ट मी सरळ मान्य करतो. लॅपटॉप १९० रुपयांना दिसला तर ती चूक आहे हे शेंबडं पोरगंही सांगंल, आणि तिथं कंपनीचंही ऐकून घ्यावं असं माझं मत आहे. पण मजा बघा, ओडिशात २०१४ मध्ये नेमकं हेच झालं, २३,४९९ चा लॅपटॉप १९० ला दिसला, कायदा शिकणाऱ्या पोरानं ऑर्डर टाकली, कंपनीनं दोनेक तासांत रद्द केली. ते पोरगं गेलं ग्राहक मंचात (जिल्हा ग्राहक आयोगाचं तेव्हाचं नाव). मंचानं भरपाई दिली, २०२१ मध्ये राज्य आयोगानं ती वाढवून दिली. मुंबईत २०२२ मध्ये एकानं ३९,६२८ रुपये भरून आयफोन मागवला, सहा दिवसांनी ऑर्डर रद्द, कंपनी म्हणली आमचा माणूस घरी येऊन गेला, तुम्हीच घरी नव्हता. आयोगानं काय म्हणावं? जास्तीचा नफा कमवायला मुद्दाम रद्द केली. १० हजार भरपाई आणि ३ हजार खर्च. पैसे परत दिले होते, तरी.

म्हणजे लोकांनी केलंय हे. आभाळातून नाही पडलं. आणि आपण काय करतो? आपण व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकतो, खाली पंधरा जण हसायचे इमोजी टाकतात, एक जण म्हणतो माझं पण असंच झालं होतं, एक जण म्हणतो जाऊ दे ना भाऊ पैसे तर आले परत, आणि संपलं. पैसे परत आले म्हणजे काय उपकार केले का? तुमचेच पैसे तुमचेच आठ दिवस वापरून तुम्हाला परत दिले. सेलच्या नावाखाली तुम्हाला आत ओढलं, बाकीच्या चार वस्तू गळ्यात मारल्या आणि जी वस्तू बघून तुम्ही आला तीच काढून घेतली. आणि वरून कागदावर लिहिलं की तुम्हीच नको म्हणलात. हे खोटं आहे. चूक नाही, तांत्रिक अडचण नाही, सरळ खोटं आहे, आणि ते तुमच्या नावावर लिहून ठेवलंय.

आणि ज्यांनी सात-सात कूलर मागवले, विकायला, त्यांनी पण ऐका. तुमच्यामुळं कंपनीला म्हणायला जागा मिळते की बघा लोक कसे तुटून पडतात. नफ्यासाठी विकायला घेतलेला माल असला की कायद्यात तुम्ही ग्राहक धरलेच जात नाही, तेव्हा तुम्ही जरा बाजूला सरका आणि ज्याला घरात एक लावायचाय त्याला बोलू द्या.

कंपनीवाल्यांनो, किंमत चुकली? चुकते. माणसं बसलेत, चुकणार. मग सांगा की आमची चूक झाली, तुमच्या तोंडानं, तुमच्या नावानं. पैसे त्याच दिवशी द्या, घेताना जमतं तर देताना काय होतं? माणूस एका भावाच्या भरवशावर बसला, दुसरीकडं मिळत होता तो त्यानं सोडला, त्याची काहीतरी भरपाई द्या, आणि ती कूपनात नको.

आणि वाचणाऱ्यांनो, आयोगात वकील लागत नाही. ५ लाखांपर्यंत भरलेल्या किमतीला फी नाही. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, कंपनी बंगळुरूची असो का गुरुग्रामची, उत्तर द्यायला तिनं परभणीला यायचं. सरकारच्या ई-जागृती पोर्टलवर घरी बसून भरता येते, मुदत दोन वर्षं आहे. कन्फर्मचा मेसेज, पैसे गेल्याची नोंद, रद्द केल्याचा मेसेज आणि नंतर वाढवलेल्या भावाचा फोटो, एवढं लावायचं. केस तीन महिन्यांत संपावी असं कायदा म्हणतो, संपत नाही, वेळ लागतो, ते पण सांगतो. लागू द्या. पण निदान तो एक फोन तर लावाल? लग्नपत्रिकेत नाव चुकलं तर तीन वर्षं बोलत नाहीत तुम्ही भावकीशी, आणि इथं एवढं लिहून घेतलं नावावर तरी गप. मेसेज डिलीट करू नका, ऑर्डर नंबर शोधा, लावा १९१५. आत्ता लावा, रात्री आठला बंद होतंय.