सर्चचं पान प्लगिनने गिळलं? अभिनंदन!

सगळ्यात आधी, चूक तुमचीच आहे हे मान्य करा. पुस्तकं विकणाऱ्या वर्डप्रेस साइटच्या चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर आपले बदल ठेवायची थीम) हौसेने स्वतःची सर्च डॉट पीएचपी, म्हणजे शोधाच्या निकालांच्या पानाची फाइल लिहिलीत, पुस्तकाचं कव्हर, लेखक, किंमत सगळं नीट मांडलंत, आणि परवाच्या अपडेटनंतर तिथे प्लगिनचंच, म्हणजे साइटला जोडलेल्या तयार प्रोग्रामचंच, निळ्या बटणांचं पान दिसायला लागलं. आता वर्डप्रेस बिचारं तुमचीच फाइल शोधून आणतं हो, पण शेवटी टेम्प्लेट इन्क्लूडचा फिल्टर लागतो, म्हणजे कुठली फाइल दाखवायची ते बदलायची शेवटची जागा, आणि तिथे कोणीही येऊन आपली फाइल पुढे सरकवू शकतं. तुम्ही कोण विचारणारे?

कॅशे क्लिअर करा. काही होणार नाही, पण करा.

मग सपोर्टला लिहा. उत्तर ठरलेलं आहे, सगळे प्लगिन बंद करा, डिफॉल्ट थीम लावा आणि बघा. हे लाइव्ह साइटवरच करायचं हं, दिवाळी अंकांच्या ऑर्डरी चालू असताना, पेमेंटचं बटण गेलं तर गेलं, स्टेजिंग, म्हणजे चाचणीची वेगळी साइट वगैरे श्रीमंतांचे चोचले. बंद केल्यावर प्रॉब्लेम गेला ना, मग थीमचाच कॉन्फ्लिक्ट! अहो पण बंद केलेल्यांत तुमचाच प्लगिन होता ना? एवढं विचारलं की तिकीट 'रिझॉल्व्ड'.

त्या फिल्टरवरची तुमची प्रायॉरिटी वाढवा, मोठा आकडा शेवटी चालतो आणि शेवटचाच जिंकतो. प्लगिनवाल्यांनी ९९९९ टाकलीय, तुम्ही ९९९९९ टाका, पुढच्या अपडेटला ते अजून एक ९ लावतील. लिलावच आहे हा.

क्वेरीकडे, म्हणजे डेटाबेसमधून काय आणायचं त्या मागणीकडे तर बघूच नका, बीपी वाढेल. ती मागणी जाण्याआधी बदलायला प्लगिनवाले प्री गेट पोस्ट्सला हुक लावतात, म्हणजे आपला कोड जोडतात, तेव्हा पान सर्चचं आहे का एवढंच बघतात, क्वेरी मुख्य आहे की सायडबारची, आपण अ‍ॅडमिनमध्ये आहोत का, काही विचारत नाहीत, मग 'नवी पुस्तकं'च्या यादीत ब्लॉगपोस्ट येतात, अ‍ॅडमिनमध्ये पुस्तक शोधलं तरी ब्लॉगच, आणि क्लायंट रात्री फोन करून मला विचारतो की आमची पुस्तकं डिलीट केलीत का.

अरे प्लगिनवाल्या बाबांनो, दोन अटी आहेत. इज मेन क्वेरी आणि नॉट इज अ‍ॅडमिन. एका ओळीत मावतात. पैसे घेता ना वर्षाला? थीममध्ये सर्चची टेम्प्लेट असेल तर तिला हात लावू नका, फारच खाज असेल तर सेटिंगमध्ये एक चेकबॉक्स द्या आणि तो आधी बंद ठेवा. आणि दुसऱ्याचं पान उडवून चेंजलॉगमध्ये 'मायनर फिक्सेस' लिहिता, ते आधी थांबवा.