उंबरठ्याखालची फट कोणाची?

एवढं चालतं म्हणे! नवी सागवानी चौकट, नवं दार, पितळी कडी, सगळ्याचे पैसे मोजून घेतले आणि उंबरठ्याखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत करंगळी जाईल एवढी फट. रात्री आतून बॅटरी मारली की उजेड पार अंगणात पडतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इथे घराच्या तोंडाशीच भगदाड ठेवून ‘चालतं’ म्हणायला जीभ रेटते कशी या लोकांची?

सुताराला विचारावं तर म्हणतो, माझं काम चौकट ओळंब्यात आणि पाणसळीत बसवायचं, खालचं गवंड्याने बघायचं. गवंडी म्हणतो, सुताराने चौकट पाचरींवर उचलून ठेवली, त्यात मी काय करणार? फरशीवाला तर केव्हाच निघून गेलाय. आणि ठेकेदार? "अहो, पावसात लाकूड फुगेल की, आपोआप बसेल!" तीन इंची उंबरठा फुगून फुगून किती फुगेल? मिलिमीटर, फार तर दोन. फट आहे सेंटीमीटरभर. शिवाय पावसात फुगलेलं लाकूड मार्चमध्ये परत आकसतं, हे लाकडात जन्म घालवलेल्या माणसाला मी सांगायचं?

मग सुरू झाली मलमपट्टी. आधी व्हाइट सिमेंट फासलं, नुसतं वरून, आत सगळं पोकळ. त्यावरून माणसं ये-जा करणार, उंबरठा सूतभर का होईना दबणार. सिमेंट कशाला टिकतंय? कडेने तडकलं आणि खपल्या निघाल्या. मग फोम मारला. तो फुगून बाहेर आला, सुरीने कापला, आणि तसाच उघडा ठेवून मंडळी चहा पिऊन गेली. उन्हात तो पिवळा पडून भुगा व्हायला लागलाय आणि मुंग्यांनी त्यात बिळं केलीत. शेवटी सिलिकॉन. धूळ झाडली नाही, ओल सुकू दिली नाही, तशीच नळी पिळली. धुळीवर सिलिकॉन धरतच नाही. पहिल्याच झडीला ती अख्खी पट्टी सोलून हातात आली.

हार्डवेअरच्या दुकानात गेलो तर त्याने दाराला लावायची रबरी पट्टी पुढे केली. अहो, ती दार आणि उंबरठा यांच्यामधल्या फटीसाठी असते! माझी फट उंबरठा आणि जोत्याच्या मध्ये आहे. ऐकूनच घ्यायचं नाही कुणी.

काम काय अवघड आहे? आधीचा सगळा कचरा खरवडून काढा, ब्रशने धूळ साफ करा. कोरडसर माल, सिमेंट-वाळू एकास तीन, नाहीतर न आकसणारं ग्राउट (फटीत भरायचा सिमेंटचा तयार माल), पट्टीने आत ठोकत न्या, दुसऱ्या बाजूने डोकावेपर्यंत. उंबरठा पूर्ण लांबीभर टेकला पाहिजे, नुसता दोन पाचरींवर नाही. माल घट्ट झाला की पाचरी काढा, कारण त्या राहिल्या तर कुजतात, आणि त्यांची भोकं बुजवा. बाहेरच्या तोंडाशी अर्धा इंच जागा सोडा. माल पुरता सुकला की तिथे फोमची गोल दोरी दाबून वर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. दोरीमुळे सीलंट फक्त वरखाली चिकटतो, मागे नाही. म्हणून लाकूड हललं तरी तो ताणला जातो, फाटत नाही. बाहेरच्या पायरीला अंगणाकडे उतार द्या. आणि उंबरठ्याच्या पोटाला बसवण्याआधी डांबराचा हात मारायचा असतो, तो मारलाच नाही. आता तो मारायचा तर चौकट उपटावी लागेल. त्याचे पैसे कोण देणार, हेही मला कुणी सांगत नाही.

पाणी आलं तर फडकं घेऊन बसता येतं. पण ओल्या लाकडाला वाळवी लागायला कितीसा वेळ? आणि आमचं घर सड्याला, म्हणजे खडकाळ माळाला लागून, जांभ्याच्या बिळाबिळांत फुरसं, विषारी साप. फुरशाचं पिल्लू करंगळीपेक्षा जाड नसतं. घरात रांगणारं मूल आहे, हे त्या सुताराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. तरी "एवढं चालतं"! आई रोज सकाळी त्याच उंबरठ्याला हळदकुंकू लावते, पुढे रांगोळी काढते, आणि पाऊस लागला की खालून येणारं गढूळ पाणी तिथेच पुसत बसते. गुडघे दुखत असताना! हे बघून माझं डोकं फिरतं.

बिलात ‘दरवाजा बसवणे’ असं लिहून पैसे घेतलेत. खाली पोकळी सोडली म्हणजे दरवाजा बसवलाच नाही. ठेकेदाराने सुतार आणि गवंडी दोघांना एकाच दिवशी, एकाच वेळी माझ्या दारात उभं करावं. कोण कुणाचं काम, ते त्यांनी तिथे उभं राहून ठरवावं आणि फट बुजवूनच जावं. तोवर शेवटचा हप्ता मी देणार नाही, कितीही फोन करा.