ज्ञानेश्वराचा डी
पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत ज्यांनी घालून दिली त्यांना दुबईचा फॅमिली व्हिसा ठाऊक नव्हता. नवऱ्याला बायको-पोर तिकडं न्यायचं तर लग्नाचा आणि जन्माचा दाखला अटेस्ट करून, म्हणजे तो खरा असल्याचा सरकारी शिक्का मारून घ्यावा लागतो. निपाणीच्या सुनेचं माहेर गडहिंग्लज. पोर तिकडं जन्मलं, म्हणजे नोंदही तिकडंच; बाळ कुठं आलं तेवढंच कायदा बघतो, पाळणा कुठं बांधला ते नाही. दाखला झाला महाराष्ट्राचा. लग्नाची नोंद मात्र इकडच्या, निपाणीच्या सब-रजिस्ट्रारकडं, म्हणून तो कागद कर्नाटकाचा.

आणि ज्या राज्यानं कागद दिला, त्यानंच तो खरा म्हणायचा असतो. म्हणजे लग्न बेंगळूरला आणि लेकरू मुंबईला. बेळगावातून दोन्हीकडं साधारण ५०० किलोमीटर. आम्हा सीमाभागातल्यांना देवानं असं मापून मधोमध बसवलंय! राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रीत बेंगळूर गाठता येतं, पण सोबत गडहिंग्लजचा दाखला नेऊ नका. तिथं त्याला कोणी ओळखत नाही.

राज्याचा शिक्का पडला की परराष्ट्र मंत्रालय. ते आपल्या हातून कागद घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फतच घेतं. जायचा देश हेग करारातला, म्हणजे एकमेकांचे कागद एकाच शिक्क्यावर मानणाऱ्या देशांतला असला, तर कागदाच्या पाठीवर त्या शिक्क्याचं, अपोस्टिलचं स्टिकर बसतं. भारत त्या करारात २००५ साली गेला. दुबई त्यात नाही. तिच्यासाठी मंत्रालयाचं साधं अटेस्टेशन, मग अमिरातीची वकिलात, मग तिथलं परराष्ट्र मंत्रालय. जर्मनी करारात आहे, पण आपलं अपोस्टिल मानत नाही. सोयरीक आहे, येणंजाणं नाही.

घरातल्या जबाबदार माणसानं दाखला जपून लॅमिनेट केलेला असला, तर तो जपूनच ठेवावा. प्लास्टिकवर शिक्का मारत नाहीत. नवी प्रत काढावी लागते. ती हातात आली की बाळाच्या नावाचा रकाना आधी बघा. जन्माची खबर २१ दिवसांत जाते. बारशाला आत्या कानात कुर्र करते, पण ते नाव जन्म-मृत्यू विभागाच्या कानावर घालायला कोणी जात नाही. १२ महिन्यांच्या आत ते फुकट चढतं, पुढं १५ वर्षांपर्यंत फी भरून.

खरा घोळ स्पेलिंगचा. नवरा ज्ञानेश्वर. पासपोर्टात डी-एन-वाय. लग्नाचा दाखला कन्नड हाताखालून गेलेला, त्यात जे-एन. मूळ अक्षर ज आणि ञ मिळून झालेलं, म्हणजे कारकुनाचंच बरोबर. हे बेळगावात मोठ्यानं बोलू नये. पण व्हिसावाल्याला हे दोन नवरे दिसतात. शिक्का फक्त खालच्या सहीची हमी देतो, वरच्या मजकुराची नाही. त्यामुळं चुकीचा ज्ञानेश्वरसुद्धा थाटात अटेस्ट होऊन येतो. माझं ऐकाल तर बेंगळूरची गाडी धरण्याआधी दाखलाच दुरुस्त करून घ्या.

ते जमत नसेल तर 'दोन्ही नावं एकाच इसमाची' असं अॅफिडेव्हिट, ई-स्टँप कागदावर, नोटरीसमोर. ते सगळीकडं चालतंच असं नाही. त्याच बैठकीत गावाचंही उरकून घ्यावं. जुन्या पासपोर्टात बेलगाम, १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या कागदांत बेळगावी, आणि घरी आपण म्हणतो बेळगाव. टायपिस्ट मान वर न करता विचारतो, "आणि कुठलं नाव ऱ्हायलंय काय ओ?"