सवय होत नाही, खरंच होत नाही

गणपती जवळ आले की दरवर्षी एक पोस्ट फिरते, ऑटिस्टिक मुलांना डीजेचा त्रास होतो, फटाक्यांचा त्रास होतो, शेअर करा. चुकीचं काही नाहीये त्यात. पण ते वाचून लोकांचा असा समज होतो की गणपतीचे दहा दिवस आणि दिवाळीचे चार सोडले तर बाकी वर्षभर आमचं सगळं बरं चाललेलं असतं. तसं नसतं. मी स्वतः ऑटिस्टिक आहे, म्हणजे माझ्या मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी आहे, निदान तिशी उलटल्यावर झालं, कल्याणला राहते आणि दादरला नोकरीला जाते, आणि मला सगळ्यात जास्त कोण दमवत असेल तर ती रोजची सकाळ.

सकाळी पाण्याची मोटर चालू होते, तिची घरघर भिंतीतून येते. मग कुकर. शिट्टी तशी दोन-तीन सेकंदांचीच, पण ती नक्की कधी होणार हे माहीत नसतं, त्यामुळे पहिली शिट्टी होईपर्यंत माझी मान आखडलेली, दुसऱ्या कशात लक्षच जात नाही. मग चटणीसाठी मिक्सर. मग फोडणी, मोहरी तडतडते तिचं काही नाही पण सुक्या मिरचीचा खकाणा उठतो तो बाकीच्यांना एक ठसका लागून संपतो आणि माझ्या डोक्यात तासभर राहतो. शेजारी टीव्हीवर बातम्या, खाली स्कूल व्हॅनचा हॉर्न, आणि कुठेतरी कोणीतरी तारेच्या घासणीने स्टीलचं पातेलं घासतंय, तो आवाज मला दातांत जाणवतो, म्हणजे खरोखर दातांत. हे सगळं चालू असताना अंगावर कुर्ता, त्याचं मानेमागचं लेबल कापलेलं असतं पण कापून उरलेली कड लेबलापेक्षा जास्त टोचते, आणि लेगिंगची शिवण एका बाजूला सरकलेली.

यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर काहीच नाही, मलाही पटतं ते. पण विजेच्या मीटरचं रीडिंग जसं पुढेच जातं, दुपारी लाइट बंद केले म्हणून सकाळचे युनिट काही कमी होत नाहीत, तसं आहे हे. संध्याकाळी घरी आल्यावर कोणाच्या तरी हातून चमचा पडला आणि मी रडायला लागले तर बघणाऱ्याला वाटतं चमच्यामुळे रडतेय. "एवढ्याशा आवाजाला काय रडायचं?" आवाज एवढासाच होता हो, पण त्याच्या आधी सकाळपासूनचं सगळं होतं ना.

आणि मग येतं ते वाक्य जे मी आयुष्यभर ऐकत आलेय, "हळूहळू सवय होते." आई-बाबा म्हणायचे, बाई म्हणायच्या, नंतर ऑफिसातले म्हणायला लागले. सगळे प्रेमाने म्हणतात, माहितीये मला. पण मला आज तेच सांगायचंय, की सवय होत नाही. निदान आमच्यातल्या बऱ्याच जणांना तुमच्यासारखी होत नाही. एखादा आवाज सारखा सारखा येत राहिला की बहुतेकांचा मेंदू त्याला हळूहळू मागे टाकतो, पंख्याचा आवाज तुम्हाला दहा मिनिटांनी ऐकूच येत नाही तो त्यामुळेच. अमेरिकेत यूसीएलए या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली हेच तपासलं होतं, ऑटिस्टिक मुलांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून एकीकडे कानावर मोठा आवाज आणि दुसरीकडे हातावर खरखरीत लोकर. ज्या मुलांना अशा गोष्टींचा जास्त त्रास होतो त्यांच्या मेंदूतला अमिग्डला, म्हणजे धोका ओळखणारा भाग, नुसता जास्त पेटत नव्हता तर वेळ गेला तरी बाकीच्या मुलांसारखा शांतही होत नव्हता. तेच तेच पुन्हा झालं तरी प्रत्येक वेळी पहिल्यांदाच झाल्यासारखं. हे वाचलं तेव्हा मी खूप वेळ ते पानच बघत बसले होते.

हे काही नवीन फॅड पण नाहीये. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अकरा ऑटिस्टिक मुलांबद्दल तो पहिला प्रसिद्ध लेख लिहिला, त्यातच त्यांनी नोंदवून ठेवलंय की या मुलांना व्हॅक्युम क्लीनर, लिफ्ट, वाहतं पाणी, गॅसची शेगडी, अंडी फेटायचं यंत्र, इतकंच काय तर वाऱ्याचीसुद्धा भीती वाटायची. अंडी फेटायचं यंत्र म्हणजे आमच्याकडचा मिक्सरच की! इतकं स्पष्ट लिहिलेलं असूनही निदानाच्या निकषांमध्ये हा मुद्दा यायला २०१३ साल उजाडलं, डीएसएमची, म्हणजे डॉक्टर निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन पुस्तकाची, पाचवी आवृत्ती आली तेव्हा. त्याआधी निदान झालेल्या कित्येकांना कोणी विचारलंच नसेल की बाबा तुला लाइटचा त्रास होतो का, कपड्यांचा होतो का.

लाइटवरून आठवलं. जुन्या चोकच्या ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, कारण आपली वीज पन्नास हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास फेऱ्या, आणि दर फेरीत ट्यूब दोनदा मंदावते. बहुतेकांना ते कळत नाही. आमच्यातल्या काहींना ते डोळ्यांच्या कडेने जाणवतं, शिवाय चोकची ती बारीक गुणगुण असते ती वेगळी. माझ्या डोक्यावर ऑफिसात अशी ट्यूब होती आणि दुपारी तीननंतर मला आकडेच दिसेनासे व्हायचे. मी साहेबांना सांगितलं, अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, त्यातल्या एकवीस प्रकारांमध्ये ऑटिझम आहे आणि कामाच्या ठिकाणी वाजवी सोय मागायचा हक्क आहे, हे सगळं पाठ करून गेले होते, पण ते ऐकायच्या आतच त्यांनी इलेक्ट्रिशियनला फोन लावला. इलेक्ट्रॉनिक चोकची ट्यूब बसवली, त्यात ती लुकलुक जवळजवळ नसते. खर्च किरकोळ. आता माझा दुपारचा अर्धा दिवस मला परत मिळालाय आणि गंमत म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या ताईंची डोकेदुखीही कमी झाली असं त्याच म्हणाल्या.

लोकलबद्दल लिहायलाच हवं. लोकांना वाटतं गर्दीचा त्रास होत असेल. होतो, पण वेगळा. चारी बाजूंनी घट्ट चेपलेली असते तेव्हा मला उलट बरं वाटतं, घट्ट दाब अंगाला शांत करतो, आमच्यातल्या पुष्कळांचं असं असतं म्हणूनच वजनदार गोधड्या वगैरे वापरतात. त्रास होतो तो पुढच्या बाईची ओढणी वाऱ्याने दंडाला हलकीशी घासत राहते त्याचा. हलका स्पर्श, कधी होईल कधी नाही. आणि रील्सचा, हेडफोन न लावता मोबाईलवर बघतात त्या. भजनी मंडळाची भजनं त्यापेक्षा कितीतरी मोठ्या आवाजात चालतात पण ती मला सहन होतात, बऱ्याचदा आवडतात पण, कारण ठेका कळतो, पुढे काय येणार ते कळतं. रील दर पंधरा सेकंदांना बदलतं, हसणं, किंचाळणं, गाणं, परत हसणं. माझी सगळ्या बायकांना मनापासून विनंती आहे, इअरफोन लावा गं.

म्हणजे प्रश्न नुसता डेसिबलचा नाहीये, हे लक्षात घ्या. घरच्या आरतीत झांजा अगदी कानाशी वाजतात, तरी मी आरतीत उभी राहू शकते. क्रम ठरलेला असतो, किती वेळ चालणार माहीत असतं, आणि झांज माझ्याच हातात असेल तर फारच छान. याउलट लग्नात काय होतं? मंगलाष्टक संपता संपता बँड एकदम सुरू होतो, डोक्यावर अक्षता पडतात, त्या केसात अडकतात, ब्लाउजच्या मागे जातात, कोणीतरी येऊन गुलाबपाणी शिंपडतं, व्हिडिओवाल्याचा लाइट थेट डोळ्यांवर, त्यात जरीचा काठ मानेला करकरतोय, आणि एक आत्या मागून येऊन पाठीवर थाप मारते, "ओळखलंस का मला?" त्या क्षणी मला माझं स्वतःचं नाव सांगता येत नाही. मग "शिष्ट आहे" असं होतं. मी शिष्ट नाहीये. आत्याला भेटायला मी खास आलेली असते, फक्त मला समोरून या, आधी हाक मारा, आणि जमलं तर बाहेर पार्किंगपाशी बोलू.

अजून एक, सगळ्यांचं सारखं नसतं. माझा भाचा पण ऑटिस्टिक आहे, आठ वर्षांचा. त्याला ढोल प्रचंड आवडतो, पथकाचा सराव असला की अगदी ढोलाजवळ जाऊन उभा राहतो, छातीत घुमायला हवं असतं त्याला. आणि तोच मुलगा मॉलच्या टॉयलेटमधल्या हात वाळवायच्या मशीनला इतका घाबरतो की बाहेर जायचं म्हटलं की सकाळपासून पाणी पीत नाही. पडला, खरचटलं, रक्त आलं तर त्याला कळतही नाही, आम्हालाच बघावं लागतं. म्हणजे एका गोष्टीला अंग जास्त जागं आणि दुसरीला झोपलेलं, एकाच माणसात. मला स्वतःला भूक लागलेली कळत नाही, डोकं दुखायला लागलं की कळतं, म्हणून मोबाईलवर पाण्याचा नि जेवणाचा अलार्म असतो. भाच्याचे केस कापण्याचं केवढं रामायण होतं, सलूनमधलं ते मशीन कानामागे आलं की संपलं. आता ज्या काकांकडे जातो ते मंगळवारी दुपारी गर्दी नसताना बोलावतात, फक्त कात्रीने कापतात, अंगावर सलूनच्या कापडाऐवजी त्याचाच जुना टी-शर्ट, आणि प्रत्येक वेळी "आता उजवीकडे" असं सांगून मगच हात लावतात. कुठलाही कोर्स केलेला नाही त्यांनी, एकदा सांगितलं ते ऐकून घेतलं, बस.

खाण्याच्या बाबतीत "नखरे" हा शब्द वापरणं तेवढं बंद करा प्लीज. कांदेपोह्यांत मधेच मऊ टोमॅटो, आमटीत दाताखाली येणारं कढीपत्त्याचं पान, भेंडीचा तार, ही चवीची आवड-निवड नाहीये, तोंडात ते आलं की पोटातून ढवळून येतं. वरणभात रोज वरणभातासारखाच लागतो म्हणून मूल तो खातं. खाऊ द्या.

आणि जेव्हा सगळं हाताबाहेर जातं तेव्हाचं. काही जण ओरडतात, डोकं आपटतात, पळत सुटतात. रस्त्यात असं मूल दिसलं तर ते काही मागण्यासाठी हट्ट करत नाहीये, त्या वेळी त्याला खेळणं दिलंत तरी ते थांबणार नाही, आणि चार लोक जमून "काय झालं रे बाळा" विचारायला लागले की चार आवाज अजून वाढतात. त्याच्या आईला काय हवंय ते आईलाच विचारा आणि बाकीच्यांना थोडं लांब करा. माझं मात्र उलटं होतं, मी गप्प होते. शब्द तोंडात येत नाहीत, नजर एका जागी, कोणाला वाटेल शांत बसलीये. मुलींमध्ये, बायकांमध्ये असं गप्प होणं खूपदा कोणाच्या लक्षातच येत नाही, शाळेत तर "गुणी मुलगी" म्हणून कौतुक व्हायचं माझं. घरी येऊन मी अंधारात कपाटाला पाठ लावून बसायचे ते कोणी बघितलं नव्हतं. वर्गातली एखादी मुलगी मधल्या सुट्टीनंतर रोज अशी बंद होत असेल तर बाई, तिच्याशी जरा बोला, किंवा नुसतं शेवटच्या बाकावर खिडकीपाशी बसू द्या.

हेडफोनबद्दल खूप जण मेसेजमध्ये विचारतात म्हणून सांगते. नॉइज कॅन्सलिंगवाले महागाचे असतात, ते ट्रेनची, एसीची एकसारखी घरघर छान कमी करतात पण अचानक येणारा हॉर्न किंवा किंचाळणं त्यातून बरंचसं येतंच. त्यासाठी कारखान्यात घालतात तसले इअरमफ चांगले, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, दिसतात मोठे पण काम करतात. फक्त दिवसभर घालून ठेवू नका, मग साधे आवाजही जास्त लागायला लागतात. आणि एखाद्या मुलाने समारंभात ते घातले असतील तर काढायला लावू नका, ते घातलेत म्हणूनच तो तिथे थांबू शकलाय.

बाकी मागणं खरंच छोटं आहे. आधी सांगा. आमच्याकडे आता आई स्वयंपाकघरातून "मिक्सर लावतेय गं" म्हणते, मी कानावर हात ठेवते, संपलं. सोसायटीत कोणाकडे ड्रिलिंग असेल, टाइल्स फोडायच्या असतील तर सेक्रेटरी काका आदल्या दिवशी ग्रुपवर वेळ टाकतात, मी त्या वेळेत लायब्ररीत जाऊन बसते, कोणाचं काम थांबवायला लागत नाही. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद हा नियम २००० सालापासून आहे आणि वर्षातल्या जास्तीत जास्त पंधरा दिवसांसाठी १२ वाजेपर्यंत सूट देता येते, ते दिवस जिल्हाधिकारी आधीच जाहीर करतात, मी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवते आणि त्या रात्री मावशीकडे बदलापूरला जाते. मंडळांच्या कार्यकर्त्यांना एवढंच सांगणं आहे की मिरवणूक आपल्या गल्लीतून साधारण किती वाजता जाणार, ढोल कुठे थांबून वाजणार, हे दोन दिवस आधी बोर्डावर लिहा आणि ग्रुपवर टाका. वेळ अर्धा-पाऊण तास पुढेमागे झाली तरी चालेल. ज्यांच्या घरात असं मूल आहे, आजारी माणूस आहे, तान्हं बाळ आहे, ते सगळे आपापलं बघतील. आमच्या गल्लीतल्या मंडळाला मी हे विचारलंय, त्यांनी हो म्हटलंय, तुमच्याकडे कोणाला मेसेजचा मजकूर हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, मी टाकते.