खोटे उत्तर आणि ठाऊक नसलेले उत्तर
आरोग्य सर्वेक्षणात लोक खोटी उत्तरे देतात, हा आरोग्य सर्वेक्षणांवरील लेखातील सूर मला एकांगी वाटतो. काही वर्षांपूर्वी जनता वसाहतीत अशाच एका पाहणीसाठी घरोघरी फिरताना, ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला एका आजींनी ठामपणे ‘छे, अजिबात नाही’ म्हटले, तेव्हा त्यांच्या बोटाला मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) लागलेली होती. त्यांच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासणे, व्यसन नव्हे. म्हणूनच प्रौढांच्या तंबाखूसेवनाच्या राष्ट्रीय पाहणीत मिश्री, गुल, गुडाखू अशा दातांना लावायच्या तंबाखूची नावे घेऊन विचारतात. (सूनबाई शेजारी बसल्या की उत्तरे आणखी बदलतात, ते वेगळेच!)

रक्तदाबाचे तर याहून अवघड आहे, कारण ज्याने तो कधी मोजलाच नाही तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. केरळमध्ये आयुर्मान अधिक असूनही स्वतःला आजारी सांगणारे बिहारपेक्षा जास्त आढळतात, हा विरोधाभास अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी 2002 मध्ये मांडला होता; आजाराची जाणीव जिथे जास्त, तिथे तो सांगणारेही जास्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 2015-16 पासून रक्तदाब आणि रक्तातील साखर प्रत्यक्ष तपासली जाते, याचा लेखात उल्लेख हवा होता.