आधी अहिराणीत भांडू द्या
शाळेतल्या पोरांचं इंग्रजी लेखन सुधारायला 'दर आठवड्याला एक निबंध' लिहून घ्या, असा सल्ला एका लेखात वाचला. साठ पोरांच्या वर्गात तो टिकत नाही. तपासणार कोण? त्यापेक्षा पाचच ओळी लिहून घ्या आणि एका वेळी एकच गोष्ट, समजा फक्त क्रियापदाचा काळ, तपासा. लाल शाईने भरलेली वही पोरं उघडतही नाहीत. दहावीचं कवितेचं रसग्रहण तर गाइडमधून पाठ. कविता बदलली तरी वाक्यं तीच! धुळे जिल्ह्यात साक्रीकडे आम्ही शिक्षक पोरांना कवितेवर आधी अहिराणीत, म्हणजे त्यांच्या घरच्या बोलीत, भांडू देतो, मग तेच मुद्दे फळ्यावर इंग्रजीत घेतो. तास पुरत नाही, हे खरं. साने गुरुजी अमळनेरला वसतिगृहातल्या मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत. तसं इंग्रजीचं एक पान भिंतीवर लावून बघा. वर्गमित्र वाचणार म्हटल्यावर पोरं स्पेलिंग विचारायला स्वतःहून येतात.