जोड कुणी लावली?

लास वेगासला शनिवारची रात्र ऐन रंगात येते तेव्हा पुण्यात रविवारचे साडेनऊ वाजलेले असतात, आणि बॉक्सिंगचं वेड लागलेल्या पुणेकराचे हाल इथूनच सुरू होतात. लंडनची लढत त्यातल्या त्यात बरी. ती पहाटे कधीतरी असते. घर झोपलेलं, आवाज बंद, कुणाला पत्ता नाही. रविवारी साडेनऊला मात्र घर नुसतं जागं नसतं, ते कामं वाटून द्यायच्या बेतात असतं. ‘मंडईत जाऊन या’ आणि ‘पंखे पुसायचे राहिलेत’ यांच्या मधल्या फटीत बारा राउंड बसवायचे, तर फुटवर्क त्या बॉक्सरपेक्षा आपलं चांगलं लागतं.

बरं, इतकी धडपड करून पानात काय पडतं?

२०१७ साली फ्लॉइड मेवेदर ४९ पैकी ४९ जिंकून, निवृत्त होऊन घरी बसला होता. पन्नासावीसाठी तो उठला आणि समोर घेतला कॉनर मॅकग्रेगर. माणूस यूएफसीतला, म्हणजे लाथा-कुस्ती सगळं चालतं त्या मिश्र लढतींतला नामांकित, पण व्यावसायिक बॉक्सिंगच्या एकाही लढतीत तो उतरलेला नव्हता. आपल्याकडे तो दिवस २७ ऑगस्टचा, गणपतीचा तिसरा. पाहुणे जमलेले. पहिल्या राउंडला आरती सुरू झाली तेव्हा माझ्या एका हातात झांज आणि दुसऱ्या हातात फोन होता. एका हाताने झांज वाजत नाही, हे घरच्यांच्या लगेच लक्षात आलं. दहाव्या राउंडला पंचांनी मध्ये पडून मॅकग्रेगरची सुटका केली तेव्हा मी खिरापत वाटत होतो.

आमच्या शेजारचे नाना त्या आरतीला होते. नाना साताऱ्याकडचे. नोकरी सगळी पुण्यात झाली, पण जत्रेतला कुस्त्यांचा फड काही डोक्यातून गेला नाही. त्यांनी माझ्या फोनमध्ये डोकावून विचारलं, “ही जोड कुणी लावली?”

“त्यांनीच, नाना. मेवेदरने.”

“म्हणजे पैलवानाने स्वतः?”

“आणि लढत भरवणारी प्रमोटर कंपनीही त्याचीच.”

नानांनी हातातली खिरापत तोंडात न टाकता तशीच धरून ठेवली. त्यांच्या जगात हे बसेना. फडात पैलवान लांग कसून फेरी मारतो, पंच जोड बघतात, वजन-उंची-तयारी तोलतात आणि दोघांचे हात धरून वर करतात. एक पैलवान उघड उघड हलका असला की बांधावरून ओरडा होतो, “जोड होत न्हाय!” मग ती कुस्ती लागत नाही. कोल्हापूर-सातारा भागात प्रेक्षकाचा हा हक्क इनामाच्या रकमेपेक्षा मोठा. “ही आमच्याकडे रेवड्यांवर लावली असती,” नाना म्हणाले. रेवड्यांवरच्या कुस्त्या लहान पोरांच्या असतात. मॅकग्रेगरला त्या दिवशी कोट्यवधी डॉलर मिळाले, हे मी त्यांना सांगितलं नाही. सणाचा दिवस होता.

पण आमचं खरं दुखणं मेक्सिकोचा बॉक्सर कॅनेलो अल्वारेझ. १६ सप्टेंबर हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन, त्या सुमाराच्या शनिवारी लढायचा त्याचा शिरस्ता. म्हणजे पुन्हा गणपती. त्याच्या वजनगटात डेव्हिड बेनाविदेझ नावाचा उंचापुरा, न हरलेला गडी समोर उभा होता, दोन वर्षं शड्डू ठोकत होता. कॅनेलोने २०२३ मध्ये कुणाला घेतलं? जर्मेल चार्लोला, जो दोन गट खालून, चौदा पौंड वर चढून आला होता. २०२४ मध्ये एडगर बर्लांगाला. बेनाविदेझ वाट बघून वरच्या वजनगटात निघून गेला. वाईट याचं वाटतं की कॅनेलोला भित्रा म्हणायचीही सोय नाही. गोलोव्किनसारख्या तगड्या गड्याशी तो तीनदा लढलाय, बिवोलकडून वरच्या गटात जाऊन हरलाय. त्याला येत नाही असं नाही. त्याला गरज नाही.

बायकोने हे सगळं एका वाक्यात उरकलं. “कोण जिंकणार ते तुम्हाला आधीच ठाऊक, तरी पैसे भरून बघता; मग तो कशाला अवघड माणूस शोधेल?” मी म्हटलं, हे इतकं सोपं नाही. मेवेदर-मॅकग्रेगरला एकट्या अमेरिकेत शंभरेक डॉलर मोजून चाळीस लाखांवर लोक बसले होते. ती म्हणाली, “मग तेच म्हणतेय ना मी.”

कधीतरी देव बघतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये हेवीवेट बॉक्सर टायसन फ्युरीने यूएफसीतलाच असा एक पाहुणा बोलावला, फ्रान्सिस एंगानू, बॉक्सिंगमधली पहिलीच लढत. तिसऱ्या राउंडला एंगानूने फ्युरीला जमिनीवर बसवलं, तेव्हा पुण्यातल्या निदान एका फ्लॅटमध्ये भल्या पहाटे एक माणूस उशीत तोंड खुपसून ओरडला. शेवटी गुणांवर फ्युरीच जिंकला म्हणा.

नाना आता अधूनमधून येऊन बसतात. बॉक्सिंगमध्ये एकाच वजनगटात चार संघटनांचे जगज्जेतेपदाचे चार पट्टे असतात, हे ऐकून म्हणाले, “महाराष्ट्र केसरीला एक गदा पुरते.” (पुरायची. हल्ली तिथेही दोन गट आणि दोन केसरी झाले होते, पण तो विषय मी त्यांच्यासमोर काढत नाही.) मी त्यांना समजावलं की संघटना एक सक्तीचा आव्हानवीर नेमते, त्याला टाळलं तर पट्टा जातो. कॅनेलोने असा नेमलेल्या विल्यम स्कलला सोडून बर्लांगाला घेतलं म्हणून आयबीएफ या संघटनेने त्याचा पट्टा काढून घेतला. नाना खूश झाले. “म्हणजे कायदा आहे तर!”

मे २०२५ मध्ये तोच पट्टा परत मिळवायला कॅनेलो रियाधमध्ये त्याच स्कलसमोर उभा राहिला, आणि अमेरिकेच्या सोयीसाठी ही रियाधची लढतही आमच्या रविवार सकाळवर येऊन पडली. आमरसाचा रविवार. नानांना मुद्दाम बोलावलं. म्हटलं, आज कायद्याने लावलेली जोड बघा. स्कल रिंगणभर फिरत राहिला, कॅनेलो त्याच्या मागे चालत राहिला. बारा राउंडमध्ये दोघांनी मिळून ४४५ ठोसे टाकले. ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्सच्या नोंदींत बारा राउंडच्या लढतीत इतके कमी कधीच नव्हते. मी टीव्हीसमोर बसून आंबे पिळत होतो. पेटी संपली, लढत संपेना. आठव्या राउंडला नाना गुडघ्यांवर हात टेकत उठले.

“याच्याशी लढला नाही म्हणून पट्टा काढून घेतला होता ना?”

“हो, नाना.”

“मग लढत नव्हता तेच बरोबर होतं की रे.”